पायथॉन घेऊ, गो घेऊ का रस्ट? डिपेन्डन्सी शोधायचं छोटं टूल लिहायच्या आधी हे वाचा

परवा आखाजीला घरी आलेला अमळनेरचा एक पोरगा भेटायला आला. आमच्याकडे जळगावला इंटर्नशिप करून गेलेला, आता पुण्यात नोकरीला. म्हणे दादा, आमच्या प्रोजेक्टमध्ये कोणतं पॅकेज (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, ज्यावर आपला अवलंबून असतो, तीच डिपेन्डन्सी) कोणामुळे आत आलंय ते सांगणारं छोटं टूल लिहायचंय, रस्टमध्ये लिहू का गोमध्ये? मी म्हटलं प्रोजेक्ट कशात आहे, तर म्हणे पायथॉन, आणि फ्रंटएंड नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये. मग हे रस्ट मधीच कुठून आलं भो? तर म्हणे फास्ट असतं ना. एकूण पॅकेजं किती विचारलं तर तीनशेच्या आसपास. आता तीनशे पॅकेजांचा हिशोब कोणत्याही भाषेत पापणी लवायच्या आत होतो, त्याच्यासाठी रस्ट म्हणजे वावरातून दोन वांगी आणायला ट्रक काढायचा.

त्याला चहा घेता घेता जे सांगितलं ते इथे टाइप करून ठेवतो, कारण हाच प्रश्न याआधी पण दोघातिघांनी विचारलाय आणि दरवेळी तीच कॅसेट लावावी लागते.

आधी भाषा सोडा, टूल काय उत्तर देणार ते एका वाक्यात लिहा. असल्या टूलला विचारायचे प्रश्न मोजून चार असतात: हे पॅकेज आत कोणामुळे आलं, हे बदललं किंवा काढलं तर कोणाकोणाला धक्का बसेल, कुठे गोल फिरणारी साखळी आहे का, आणि एकाच पॅकेजची दोन व्हर्जनं आत घुसलीत का. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या जावा लायब्ररीत मोठं सुरक्षेचं भगदाड सापडलं तेव्हा कितीतरी टीमच्या स्वतःच्या पोम फाइलमध्ये (काय काय लागतं त्याची यादी) लॉगफोरजेचं नावसुद्धा नव्हतं, दुसऱ्या कोणत्यातरी लायब्ररीचं बोट धरून ते आत आलेलं, आणि सगळ्यांना पाहिजे होतं ते फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर, ते पण आत्ताच्या आत्ता. धक्का कोणाला बसेल हा दुसरा प्रश्न आपल्याकडच्यांना रेल्वेवरून लगेच कळतो. चाळीसगाव-धुळे लाइन बंद पडली तर धुळेकरांचे हाल, बाकी गाड्या आपल्या चालूच. पण भुसावळला खोळंबा झाला की मुंबईकडून नागपूरला जाणारी, खंडव्याकडे जाणारी, सुरतेकडून येणारी सगळी रांग लावून उभी. तुमच्या प्रोजेक्टमधलं भुसावळ कोणतं ते शोधायचं, एवढंच काम आहे.

आणि हे शोधायचं, म्हणजे कोण कोणावर अवलंबून याच्या जाळ्यातून (ग्राफमधून) फिरायचं, गणित जुनं आहे आणि सोपं आहे. कोण आधी कोण नंतर हे लावायची कान यांची पद्धत १९६२ ची, गोल साखळ्या पकडायची टार्जन यांची १९७२ ची. दोन्ही मिळून कोणत्याही भाषेत शंभर ओळींच्या आत बसतात. पायथॉनमध्ये तर ३.९ पासून ग्राफलिब नावाचं मॉड्यूल भाषेसोबतच येतं, रस्टला पेटग्राफ आहे, आणि काहीच नको असेल तर लिनक्सवर टीसॉर्ट नावाची पिढ्यानपिढ्या चालत आलेली कमांड पडलेलीच आहे. म्हणून "ग्राफसाठी कोणती भाषा चांगली" हा प्रश्नच काढून टाका. जीव जातो तो ग्राफ फिरवण्यात नाही, ग्राफ वाचून घेण्यात.

हे वाचून घेणं म्हणजे काय ते जरा नीट सांगतो, कारण इथेच सगळे फसतात, मी पण फसलोय. लग्नघरात किराण्याची यादी असते, मग दुकानदाराचं बिल असतं, आणि मग कोठीत प्रत्यक्षात पडलेली पोती असतात. तिन्ही एकसारखे निघाले असं लग्न मी तरी पाहिलेलं नाही. तसंच इथे. मॅनिफेस्ट फाइल म्हणजे यादी, काय मागितलं. लॉक फाइल म्हणजे बिल, काय ठरलं. आणि मशीनवर इन्स्टॉल झालेलं म्हणजे कोठीतली पोती. तुमचं टूल या तिघांपैकी कोणाकडे बघणार हे ठरलं की अर्धी भाषा आपोआप ठरते.

मी पहिल्यांदा असलं टूल लिहिलं तेव्हा पायथॉनची यादीची फाइल रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी उघडली, ओळ घेतली, दोन बरोबरच्या चिन्हांवर तोडली, झालं काम, अशी माझी समजूत. मग एका ओळीत चौकोनी कंसात एक्स्ट्रा निघाले, एका ओळीत अर्धविराम देऊन पायथॉन ३.८ पेक्षा जुनं असेल तरच अशी अट, एक ओळ म्हणते दुसरी फाइल पण वाच, एक ओळ सरळ गिटची लिंक. रेगेक्सला (मजकुरात नमुना शोधायचं सूत्र) रेगेक्स लावत गेलो आणि आठवड्याभराने ते माझं मलाच वाचता येईना. आणि एवढं करून हाती काय, तर फक्त यादी! बिल नाही आणि पोती पण नाहीत.

म्हणून पहिला नियम असा की स्वतः फाइल पार्स करायच्या (तोडून अर्थ लावायच्या) आधी त्या भाषेच्या स्वतःच्या टूलला विचारा, ते खरं सांगतं. रस्टच्या प्रोजेक्टला कार्गो मेटाडेटा ही कमांड सगळा ग्राफ जेसनमध्ये (प्रोग्रॅमला सहज वाचता येणारा मजकूर) हातात देते. नोडला त्याच्या एनपीएम या पॅकेज मॅनेजरची एनपीएम एलएस, त्याला ऑल आणि जेसन हे पर्याय द्यायचे. पायथॉनला पिप इन्स्पेक्ट, पिप २२.२ पासून आलंय, इन्स्टॉल झालेलं सगळं जेसनमध्ये. मेव्हनला डिपेन्डन्सी ट्री, जावाच्या तयार जार फाइलींना जेडेप्स, ते जेडीके ८ पासून सोबतच येतं. सी च्या हेडर फाइलींसाठी जीसीसीला डॅश एमएम दिलं की तो स्वतःच सांगतो कोणती फाइल कोणावर अवलंबून. गोला तर सगळ्यात मजा, गो मॉड ग्राफ म्हटलं की दोन कॉलम छापतो, डावीकडे मागणारा, उजवीकडे मागितलेला. हे दोन कॉलम तसेच्या तसे टीसॉर्टला दिले की क्रम लागला, मध्ये कुठे गोल असेल तर तो ओरडतो. अशा वेळी तुमच्या टूलची भाषा शेल आहे, दोन ओळींची, आणि त्यात लाज वाटायचं काहीच कारण नाही.

फक्त त्या आउटपुटचा अर्थ समजून घ्या. गो मॉड ग्राफ मागण्या दाखवतो, एकाच मॉड्यूलची चार व्हर्जनं दिसतील आणि तुम्ही घाबरून जाल, पण बिल्डमध्ये शेवटी घेतलं जातं ते एकच, मागितलेल्यांतलं सगळ्यात वरचं, ते गो लिस्ट डॅश एम ऑल मध्ये दिसतं. आणि एनपीएम एलएसला झाडात काही कमी-जास्त सापडलं तर तो एरर कोड देऊन बाहेर पडतो पण जेसन मात्र छापतो, त्यामुळे "एरर आला की थांब" असं लिहिलेलं टूल हातात आलेलं ताट बाजूला सारून उपाशी बसतं. माझं बसलं होतं, दोन तास.

आता हे सगळं जेसन वाचायचंच आहे तर भाषा कोणती? इथे माझं उत्तर सरळ पायथॉन. दुसरी कमांड चालवणं, जेसन वाचणं, टॉमल ही सेटिंगची फाइल वाचणं (हे ३.११ पासून), झिप उघडणं, एसक्यूलाइट डेटाबेस, सगळं भाषेसोबत येतं, बाहेरून एक पॅकेज आणायला लागत नाही. ही गोष्ट छोटी वाटते पण डिपेन्डन्सी तपासणाऱ्या टूललाच चाळीस डिपेन्डन्सी असल्या तर लोक हसतात, आणि हसण्यापलीकडे ते टूलच उद्या तपासायला लागतं. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज एनपीएमवरून काढलं गेलं आणि जगभर बिल्ड पडले, तेव्हा कितीतरी जणांना आपण ते वापरतो हेच माहीत नव्हतं. तर भाषा निवडताना बघा की नुसत्या स्टँडर्ड लायब्ररीवर किती काम निघतं. पायथॉन आणि गो इथे दणदणीत, गोमध्ये टॉमल तेवढं नाही. नोडमध्ये जेसन घरचंच. रस्टमध्ये जेसनसाठीसुद्धा बाहेर जावं लागतं, मग सर्डे नावाचं पॅकेज आलं आणि त्याच्यामागे त्याचं खटलं आलं.

दुसरा प्रकार म्हणजे सोर्स कोड स्वतः वाचायचा, कोणती फाइल कोणाला इम्पोर्ट करते ते. इथे नियम अजून सोपा आहे: ज्या भाषेचा कोड वाचायचा त्याच भाषेत टूल लिहा, कारण तिचा पार्सर तिथे फुकट मिळतो. पायथॉनला एएसटी मॉड्यूल आहे, ते कोड वाचून त्याची रचना झाडासारखी मांडून देतं. गोच्या पार्सरला "फक्त इम्पोर्ट वाच" असा पर्याय आहे, तो फाइलीचा वरचा तुकडा वाचून थांबतो, हजारो फाइली सपासप होतात. इथे रेगेक्स लावायचा मोह होतो, लावू नका, गोमधलं कंसातलं बहुओळी इम्पोर्ट निसटतं आणि पायथॉनच्या कॉमेंट-डॉकस्ट्रिंगमध्ये उदाहरण म्हणून लिहिलेलं इम्पोर्ट खरं समजलं जातं. एक मात्र लक्षात ठेवा, एएसटी मॉड्यूलला तुम्ही चालवताय त्याच पायथॉनचं व्याकरण कळतं. जुन्या ऑफिसात पायथॉन २ चा कोड असेल तर पहिल्याच कंस नसलेल्या प्रिंटला तो अडकतो.

पायथॉनमध्ये अजून एक खड्डा आहे, इम्पोर्टचं नाव वेगळं आणि पॅकेजचं नाव वेगळं. कोडमध्ये यामल, बाहेर पायवायएमएल. कोडमध्ये सीव्हीटू, बाहेर ओपनसीव्ही-पायथॉन. कोडमध्ये पीआयएल, बाहेर पिलो. गावात ज्याला सगळे आप्पा म्हणतात त्याचं आधारवर काहीतरी तिसरंच नाव निघावं तसं. याचा जोड लावायला इम्पोर्टलिब मेटाडेटामध्ये ३.१० पासून फंक्शन आहे, पण ते इन्स्टॉल झालेल्या पॅकेजांचंच सांगतं, म्हणजे टूल त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवायला लागतं. आता हेच तुम्ही गोमध्ये लिहायला बसलात तर हे सगळं हाताने करा! म्हणून म्हणतोय, जिथली माहिती तिथली भाषा.

चारपाच भाषांचा मिक्स कोड एकाच टूलने वाचायचा असेल तर ट्री-सिटर ही पार्सर लायब्ररी बघा, त्याला बऱ्याच भाषांची व्याकरणं आहेत आणि पायथॉन, रस्ट, गो, नोड सगळीकडून वापरता येतं. पण ते तुम्हाला झाड देतं, अर्थ देत नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये ॲट चिन्ह लावलेला इम्पोर्ट नेमका कोणत्या फोल्डरला जातो हे तुम्हालाच कॉन्फिग वाचून काढावं लागणार.

भाषा ठरवतानाचा तिसरा प्रश्न, आणि हा लोक शेवटी विचारतात म्हणून रडतात: टूल चालवणार कोण आणि कुठे? माझा किस्सा सांगतो. धुळ्याच्या बाजूला एका जिनिंगवाल्याकडे आमचं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, त्यांचं एक मशीन विंडोज ७ वर, इंटरनेट नाही, आणि तिथे प्रोग्रॅम उघडतच नव्हता, कोणतीतरी डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) गायब. मी हौसेने पायथॉनमध्ये टूल लिहून पेनड्राइव्हवर घेऊन गेलो, मशीनवर पायथॉन नाही. इन्स्टॉलर सोबत नेलेला तो चालेना, कारण विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथॉन ३.८, आणि माझ्याकडे ३.११. परत आलो, एक्झी बनवून नेली, तर अँटीव्हायरसने ती उचलून बाजूला टाकली. एप्रिलचं ऊन, दोन चकरा, आणि तिथले नाना मला म्हणे, भाऊ, डबल क्लिक करीसन चालाले जोयजे, माले बाकी काही सांगू नको. बरोबरच आहे की त्यांचं.

मग घरी बसून गोमध्ये लिहिलं. लिनक्सच्या लॅपटॉपवर बसून दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट केले की विंडोजची एक्झी तयार, एकच फाइल, सोबत काही न्यायचं नाही. तिथे पण एक मेख आहे, गो १.२० हेच विंडोज ७ ला चालणारं शेवटचं, १.२१ पासून विंडोज १० लागतं, ते मात्र या वेळी आधी वाचून गेलो. गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत विंडोजची एक्झी वाचायचं डीबग पीई पॅकेज आहेच. त्यात इम्पोर्टेड लायब्ररीज असं छान नाव असलेलं फंक्शन दिसलं, ते वापरलं, तर यादी रिकामी! सोर्स उघडून बघितला तर विंडोजसाठी आत काही लिहिलेलंच नव्हतं, नुसतं टूडू (नंतर करू) लिहून शून्य परत. शेजारचं इम्पोर्टेड सिम्बॉल्स मात्र काम करतं, ते फंक्शनचं नाव, मग कोलन, मग डीएलएलचं नाव असं देतं, कोलनवर तोडलं की झालं. ऐंशी-नव्वद ओळींत टूल तयार, नानांनी डबल क्लिक केलं, कोणती डीएलएल सापडत नाही ते नोटपॅडमध्ये उघडलं.

तर दुसऱ्याच्या मशीनवर, सर्व्हरवर, बिल्डच्या कंटेनरमध्ये न्यायचं टूल असेल तर गो, आपल्याच टीममध्ये चालवायचं असेल तर पायथॉन. नव्वद टक्के वेळा निवड या दोघांतच होते.

बायनरीचा (तयार प्रोग्रॅम फाइलीचा) विषय निघालाच आहे तर एक सांगतो. लिनक्सवर फाइलीला कोणत्या लायब्ररी लागतात ते बघायला लोक लगेच एलडीडी ही कमांड मारतात. ओळखीची फाइल असेल तर ठीक, पण कुठून आली ते माहीत नसलेल्या फाइलीवर एलडीडी चालवू नका, काही वेळा तो त्या फाइलीलाच चालवून बघतो, मॅन्युअलमध्येच तसा इशारा आहे. रीडएल्फला डॅश डी द्या, तो नुसता वाचतो, पण थेट लागणारीच नावं देतो, पुढची साखळी तुम्ही जोडायची. ही साखळी किती महत्त्वाची ते २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत घुसवलेला चोरदरवाजा सापडला तेव्हा दिसलं. दुरून लॉगिन करायच्या एसएसएच सर्व्हरला स्वतःला त्या कॉम्प्रेशन लायब्ररीशी काही घेणंदेणं नाही, पण काही डिस्ट्रोंनी त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडलेली आणि तिच्या मागून ही आत आली. हाच न्याय पायथॉनच्या सेटअप डॉट पीवायला: ती फाइल म्हणजे प्रोग्रॅम आहे, डिपेन्डन्सी विचारायला तिला चालवलं म्हणजे परक्याचा कोड तुमच्या मशीनवर चालला. तुमचं टूल तपासणीसाठी आहे, तपासायच्या मालाला घरात घेऊन जेवायला बसवू नका.

रस्टवर माझा राग नाही बरं का. प्रोजेक्ट रस्टचा असेल तर रस्टमध्येच लिहा, कार्गो मेटाडेटा वाचणारं तयार क्रेट (रस्टचं पॅकेज) आहे. लाखभर फाइली रोज दहादा वाचायच्या असतील तरी घ्या. पण पहिल्या टूलसाठी, ज्याचं आउटपुट कसं पाहिजे हेच अजून ठरायचंय, ते तीनदा मोडून लिहावं लागणार आणि तिन्ही वेळा कंपायलरशी भांडत बसणं मला तरी जमत नाही. आणि एक चूक कोणत्याच भाषेत करू नका, ती म्हणजे स्वतःचा रिझॉल्व्हर लिहायला घेणं. "या सगळ्या अटींत बसणारी व्हर्जनं शोध" हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे (पॅकेजं वाढली की सोडवायचा वेळ प्रचंड वाढू शकतो असा), पायथॉनचं यूव्ही हे पॅकेज मॅनेजर त्यासाठी पबग्रब ही पद्धत वापरतं, ती माणसं वर्षानुवर्षं त्यातच आहेत. आपण झालेलं बिल वाचायचं, दुकान टाकायचं नाही.

अजून एक भाषा जी कोणी मोजतच नाही, एसक्यूएल. दोन कॉलमचं टेबल करा, कोण आणि कोणावर, एसक्यूलाइटमध्ये टाका. ३.८.३ पासून, म्हणजे २०१४ पासून, त्यात रिकर्सिव्ह (स्वतःलाच परत परत बोलावणारी) क्वेरी चालते, दहा ओळींत "याच्या मागे कोण कोण" निघतं. फक्त युनियन लिहा, युनियन ऑल लिहिलं आणि डेटात एक गोल साखळी असली की क्वेरी थांबणारच नाही. आमच्याकडे दहा-बारा प्रोजेक्टचं एकत्र असंच ठेवलंय, एखादी लायब्ररी खराब निघाल्याची बातमी आली की कोणत्या क्लायंटला फोन करायचा ते एका क्वेरीत कळतं.

लिहायला बसल्यावर हात भाजतील अशा दोनतीन जागा सांगतो, भाषा कोणतीही असो. नोडच्या लॉक फाइलमध्ये एकच पॅकेज दोन ठिकाणी वेगळ्या व्हर्जनचं असू शकतं, म्हणून नुसतं नाव ओळख म्हणून वापरलं तर एक दुसऱ्याला गिळतं, नाव आणि व्हर्जन दोन्ही धरा. पायथॉनमध्ये नावं सारखी करून घ्या, कॅपिटल, डॉट, डॅश, अंडरस्कोर सगळं एकच मानलं जातं. पायथॉनमध्येच रिकर्शनची मर्यादा मुळात १००० आहे, खोल साखळीत टूल कोसळतं, त्यापेक्षा स्वतःची लिस्ट स्टॅक म्हणून वापरा आणि भेट देऊन झालेल्यांचा सेट ठेवा. विंडोजवर फाइल उघडताना यूटीएफ-८ स्पष्ट लिहा, क्लायंटने फोल्डरचं नाव मराठीत ठेवलं आणि ते पाथ तुमच्याच आउटपुट फाइलीत आले की मग रविवार गेला. आणि "हे कशामुळे आलं" याला सगळे रस्ते छापू नका, सगळ्यात जवळचा एक छापा. एक वरून दोन, दोनाचे परत एक, असे हिऱ्याच्या आकाराचे फक्त २० फाटे एकाखाली एक लागले तर रस्ते होतात १०,४८,५७६. स्क्रीनवर तासभर आउटपुट पळताना बघत बसाल.

तो पोरगा शेवटी पायथॉनवरच आला, पिप इन्स्पेक्ट आणि एनपीएम एलएस दोन्ही वाचून एकाच एसक्यूलाइटमध्ये टाकतोय. काल रात्री त्याचा मेसेज, दादा ग्राफविझने चित्र काढलं पण काहीच दिसत नाही. फोटो बघितला तर तीनशे ठिपके आणि त्यांच्यात बाभळीच्या काट्याकुट्यांसारख्या रेषा, झूम केलं तरी काळंच. त्याला म्हटलं सगळं काढू नको, ज्या पॅकेजचं विचारलंय तिथपर्यंतचा रस्ता तेवढा काढ. अर्ध्या तासाने दुसरा फोटो आला, पाच ठिपके, चार रेषा, आणि खाली त्याने लिहिलेलं, "दादा हे तर आपणच टाकलेलं निघालं."